एअर रायफलच्या नळीसाठी पितळी वजन घरच्या लेथवर कसं करायचं

मी 10 मीटर एअर रायफल खेळते आणि घरात बाबांचा लहान लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र, आहे. हात लेथवर बसल्यावर रायफलसाठी काहीतरी करून बघावं असं वाटणारच. त्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते नळीवर चिमटून बसणारं वजन, म्हणजे बॅरल वेट. छऱ्याच्या वाटेत ते कुठेच येत नाही आणि दाबाखाली नसतं. चुकलं तर पितळेचा एक तुकडा वाया जातो, एवढंच.

नळीची आतली बाजू, बोल्ट, चाप, झडपा आणि हवेचा सिलिंडर यांना मी घरी हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. मॅच रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते, त्यामुळे त्यावर खाच पाडणं, भोक पाडणं किंवा वजन आवळून बसवणं जिवावर बेतू शकतं. वजन नळीवरच बसवायचं, नाहीतर नळीवरच्या बाहेरच्या जॅकेटवर. बाकीची कामं उत्पादकाच्या माणसाकडे किंवा परवानाधारक कारागिराकडे द्यायची. आपल्या देशाचा कायदा आपल्या रायफलबद्दल काय म्हणतो तेही आधी वाचून ठेवा.

नियमांचं गणितही आधीच करून घ्या. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे 10 मीटर एअर रायफल 4.5 मिमी कॅलिबरची असते आणि तिचं एकूण वजन 5.5 किलोच्या वर जाता कामा नये. नळीवरची वजनं नळीच्या मध्यापासून 30 मिमी त्रिज्येच्या आतच असावी लागतात. स्पर्धेला जाण्याआधी चालू नियमपुस्तिका उघडून हे एकदा पडताळून घ्या. आपलं वजन म्हणजे पितळेची एक कडी, 34 मिमी व्यासाची, म्हणजे 17 मिमी त्रिज्येची. त्यामुळे तिथे भरपूर जागा उरते.

आधी चिकटपट्टी, मग लेथ

वजन किती हवं आणि कुठे हवं हे लेथ सांगत नाही, खांदा सांगतो. मी नट-बोल्ट कापडात गुंडाळून नळीवर कापडी चिकटपट्टीने बांधले आणि आठवडाभर तशीच सरावाला उभी राहिले. 100 ग्रॅमने फरक जाणवेना. 250 ग्रॅमने विसाव्या शॉटनंतर डावा खांदा भरून यायला लागला. 150 च्या आसपास रायफलचं पुढचं टोक शांत झालं. ट्रिगर ओढताना फोरसाइटचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटचं, वर्तुळ काळ्या ठिपक्याभोवती आधी थरथरायचं, आता ते हळूहळू तरंगायला लागलं. दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा असतो, त्यामुळे एवढा फरकही कार्डावर, म्हणजे कागदी लक्ष्यावर, लगेच दिसतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. रायफल एका पेन्सिलीवर आडवी ठेवून तिचा तोल कुठे राहतो ते पाहा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. माझी रायफल 4.5 किलोची आहे. या खुणेपासून 45 सेंमी पुढे 155 ग्रॅम बसवले, तर 155 गुणिले 45 भागिले 4655, म्हणजे तोल जवळजवळ 1.5 सेंमी पुढे सरकतो. तेच वजन 20 सेंमीवर ठेवलं तर जेमतेम 7 मिमी सरकतो. म्हणून मी कडी सरकवता येईल अशीच करते. नेमबाजीचं नवीन जॅकेट अंगात घातलं किंवा बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) बदलली की जागा पुन्हा शोधावी लागते.

धातू आणि माप

कडीचा बाहेरचा व्यास 34, आतला 15, लांबी 25 मिमी. तिचं घनफळ साधारण 18.3 घन सेंमी भरतं. पितळेची घनता 8.5 धरली तर वजन 155 ग्रॅम, पोलादाची (7.85) 143 आणि ॲल्युमिनियमची (2.7) फक्त 49. पोलादही चालतं, पण ते नळीपेक्षा मऊ नसतं आणि घामाने गंजतं. पितळ नळीवर सहसा ओरखडा काढत नाही आणि लेथवर लोण्यासारखं कापतं. त्यात थोडं शिसं असलेलं, मोकळं कापणारं पितळ घ्या. त्याच्या चिपा तुटून पडतात, लांब गुंता होत नाही.

यातला 15 हा आकडा माझ्या नळीचा आहे, तुमचा वेगळा असेल. नळी मायक्रोमीटरने मोजायची, कडी जिथे बसणार तिथे तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी. मोजायच्या आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट उघडा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) घाला. माझी नळी सहाही वेळा 14.98 भरली. मापात मिमीच्या 2 ते 3 शतांशापेक्षा जास्त फरक येत असेल तर नळी तिथे निमुळती आहे. मग जागा बदला.

खोटी नळी

हे पाऊल वगळू नका. मी पहिल्यांदा वगळलं होतं. व्हर्निअरने आतला व्यास मोजून 15.00 धरला आणि कडी रायफलवर चढवली. लहान भोकात व्हर्निअरचे जबडे सपाट टेकतात, त्यामुळे भोक प्रत्यक्षात असतं त्यापेक्षा लहान दाखवतात. माझं भोक प्रत्यक्षात 15.12 होतं. कडी हलत होती म्हणून मी स्क्रू आवळत गेले. ती तीन रेषांवर टेकली, बाकी सगळीकडे पोकळ. दोन तासांच्या सरावानंतर काढली तेव्हा नळीच्या काळ्या थरावर दोन चकचकीत रेघा उमटलेल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत, आणि रायफल पुसताना बोट दर वेळी त्यांच्यावरून फिरतं.

तेव्हापासून मी आधी गेज, म्हणजे नळीच्या मापाची नमुना सळई, करते. पोलादाची सुमारे 18 मिमीची सळई चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) धरा आणि तिच्यावर दोन पायऱ्या कापा. टोकाकडची 20 मिमी लांबीची पायरी बरोबर नळीच्या मापाची, म्हणजे 14.98. तिच्यामागची 15.04. कडीत पहिली पायरी हाताने अलगद जायला हवी आणि दुसरी तोंडावरच अडायला हवी. दोन्ही पायऱ्यांना शेवटचा हात बारीक एमरी कागदाने द्या, मायक्रोमीटरने पुन्हा मोजा आणि आकडे सळईवर कोरून ठेवा. ही खोटी नळी लेथपाशी ठेवली की खरी रायफल चिपांच्या जवळपासही यावी लागत नाही.

एकाच पकडीत

तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये 35 मिमीची पितळी सळई अशी धरा की 40 मिमी बाहेर राहील. तीन जॉचा चक काही शतांशाने वाकडा फिरतोच. पण तोंड, भोक आणि बाहेरचा व्यास हे तिन्ही याच पकडीत कापले तर त्या वाकडेपणाचा काही संबंध उरत नाही. मधे चक सोडू नका.

पितळासाठी टूलचा वरचा पृष्ठभाग सपाट हवा, म्हणजे रेक शून्य. पोलादाचं उतार असलेलं टूल पितळात घुसतं आणि काम ओढून घेतं. टूलचं टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर आणा. फेरे काढायला व्यास आणि कापण्याची गती माहीत हवी. हायस्पीड टूलने पितळ मिनिटाला 60 मीटर गतीने आरामात कापलं जातं, म्हणून 34 मिमीला मिनिटाला साधारण 560 फेरे. माझ्या लेथवर 520 चा पट्टा आहे, मी तो लावते.

आधी तोंड फेस करा, म्हणजे सपाट कापा. मग मध्याची खूण पाडायला सेंटर ड्रिल. त्यानंतर ड्रिल लावण्याआधी त्याच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर तेलदगडाने अर्धा मिमी रुंदीची एक सपाट पट्टी काढा, ड्रिलच्या अक्षाला समांतर. धार बोथट केल्यासारखी दिसेल, तशीच हवी. साधं ड्रिल पितळात स्क्रूसारखं घुसतं, विशेषतः आधीचं लहान भोक मोठं करताना. माझं एकदा 10 मिमीचं ड्रिल असंच घुसलं. टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाला ड्रिल धरणाऱ्या भागाच्या) स्लीव्हमधून त्याचा शंकू सुटला आणि ड्रिल कामाबरोबर फिरायला लागलं. मी थांबवण्याचं बटण दाबेपर्यंत शंकूवर ओरखडे पडले होते. ती सपाट पट्टी काढलेली ड्रिलं मी आता वेगळ्या डब्यात ठेवते, पितळाची म्हणून.

5 मिमीचं ड्रिल 32 मिमी खोल, मग 10, मग 14. फेरे निम्मे करा आणि चिपा काढायला ड्रिल वारंवार बाहेर घ्या. पितळाच्या चिपा बारीक सुयांसारख्या उडतात. बाजूंनी बंद असलेला चष्मा घाला. हातमोजे घालू नका, फिरता चक कापड ओढून घेतो. लांब बाह्या वर गुंडाळा, केस बांधा. मी वेणी टोपीत खोचते.

बाहेरचा व्यास 34 वर आणण्याचं काम सोपं आहे. दोन हात, म्हणजे टूलच्या दोन फेऱ्या, आणि एक बारीक हात पुरतो.

भोकाचा शेवटचा अर्धा मिलिमीटर

कडीचं सगळं यश इथे ठरतं, म्हणून इथे घाई नको. शक्य तेवढा जाड बोअरिंग बार (भोक आतून कापायचं दांड्याचं टूल) घ्या. 14 च्या भोकात 10 मिमीचा चालतो. तो टूलपोस्टमधून 32 ते 34 मिमीच बाहेर ठेवा. त्याहून जास्त बाहेर काढला की तो थरथरतो आणि भोकात लाटा उमटतात. बारची पाठ भोकाच्या भिंतीला घासत नाही ना, हे चक हाताने फिरवून बघून घ्या.

क्रॉस-स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या, डायलबद्दल एक सांगते. काही लेथवर आकडे त्रिज्येत असतात, काहींवर व्यासात. माझ्यावर एक रेघ 0.02 त्रिज्येची, म्हणजे व्यासात 0.04. पहिल्यांदा लेथवर बसणाऱ्यांनी एक तुकडा कापून मायक्रोमीटरने मोजून हे ठरवावं. आणि डायल नेहमी एकाच दिशेने फिरवत खुणेवर आणा. खूण ओलांडली तर पूर्ण वळण मागे घेऊन पुन्हा या, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश (आट्यांमधली मोकळी हालचाल) आकड्यात शिरतो.

व्यासात 0.4 चा एक हात, मग 0.3 चा, मग 0.15 चा. 14.85 च्या जवळ आलो की डायल न हलवता तोच हात पुन्हा एकदा आत-बाहेर फिरवा. बार वाकून मागे सरकलेला असतो. या रिकाम्या हातात तो सरळ होत राहिलेला दोन-तीन शतांश कापतो. हा शेवटचा थर जाताना आवाज बदलतो. आधी खरखर, मग एक सलग मऊ सूर, आणि चिपांऐवजी पिवळी भुकटी पडायला लागते. तो आवाज ऐकायला मिळाला की मी हात थांबवते आणि मोजते.

मोजायच्या आधी लेथ बंद, चक स्थिर, भोक फडक्याने पुसलेलं, आणि काम थंड. कापून गरम झालेलं पितळ फुगतं. 15 मिमीच्या भोकात 30 अंशांच्या गरमीने जवळजवळ एक शतांश वाढतो. गरम कडीत गेज गेला आणि थंड कडीत अडकला, असं होऊ शकतं. मी तेव्हा चहा करायला जाते.

आता प्रत्येक हाताला एका रेघेपेक्षाही कमी पुढे जायचं आहे. डायलच्या अर्ध्या रेघेचा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. त्याहून बारीक हवं असेल तर टॉप-स्लाइड (क्रॉस-स्लाइडवरची छोटी, वळवता येणारी स्लाइड) बेडच्या, म्हणजे लेथच्या लांबीच्या, दिशेपासून 6 अंशांवर वळवा. मग तिचे 0.1 मिमी टूलला आडवे जवळजवळ 0.01 सरकवतात. मी शेवटचे दोन हात असेच घेते. प्रत्येक हातानंतर गेज. 14.98 ची पायरी तेलाचा एक थेंब लावल्यावर बोटाच्या हलक्या रेट्याने हळूहळू आत सरकते आणि आतली हवा फस्स करून बाहेर पडते, तेव्हा भोक झालं. 15.04 ची पायरी कडेवरच थांबायला हवी.

तोंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांवर अर्ध्या मिमीचा उतार काढा. मग 25.5 मिमीवर पार्टिंग टूलने कापा, फेरे कमी ठेवून. टेलस्टॉकमध्ये एक लाकडी काठी धरून ती भोकात सरकवून ठेवा. कडी सुटली की काठीवर लटकते, खाली पडून तिची कड दबत नाही. कडी उलटी करून, जॉखाली तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घालून, दुसरं तोंड 25 वर आणा.

स्क्रू आणि काप

कडीला एक काप द्यायचा आणि तो दोन एम3 स्क्रूंनी आवळायचा. मी आधी एम4 काढला होता. कागदावर आखून पाहिल्यावर त्याचं डोकं कडीच्या बाहेर डोकावतं असं दिसलं. 34 व्यासात एम3 चं 5.5 मिमी डोकं नीट आत बसतं.

स्क्रूची रेषा कडीच्या मध्यापासून 12 मिमी बाजूला आणि कापाला काटकोनात. लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांपासून 6.5 मिमीवर एकेक स्क्रू. या जागी कडीचा पृष्ठभाग 45 अंशांनी उतरतो, त्यामुळे साधं ड्रिल तिथे घसरतं. म्हणून आधी 6 मिमीचा दोन धारांचा एंडमिल (सपाट टोकाचं कापणारं टूल) सरळ खाली उतरवा. कडीच्या मधल्या पातळीपासून 5 मिमी वर थांबा. यात डोक्याची खोबण आपोआप तयार होते. माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. मी एंडमिल चकमध्ये धरते आणि कडी क्रॉस-स्लाइडवरच्या व्हर्टिकल स्लाइडला बांधते. हाताच्या ड्रिलने हे करू नका.

मग त्याच जागेवर सेंटर ड्रिल, 2.5 मिमीचं आरपार भोक आणि एम3 चे आटे. टॅप (आटे पाडायचं टूल) फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पितळात टॅप सोपा जातो, पण एम3 चा टॅप वाकवला की तुटतो, म्हणून पहिले काही फेरे चकचाच आधार घ्या. आटे झाले की खोबणीच्या बाजूचं भोक 3.4 ने मोठं करा, पण मधल्या पातळीपर्यंतच. खोल गेलात तर आटे संपतात. 12 मिमी लांबीचा स्क्रू पलीकडे 6 मिमीभर पकडतो, आणि तेवढं पुरतं.

भोकं झाल्यावरच काप. हॅकसॉच्या चौकटीत दोन ब्लेड शेजारी शेजारी लावा, सुमारे दीड मिमीचा काप पडतो. कडी मऊ जबड्यांच्या वाईसमध्ये धरून स्क्रूंच्या बाजूची भिंत पूर्ण कापा.

आता दुसरा, अर्धा काप. भिंत 9.5 मिमी जाड आहे. एका कापाने ती वाकत नाही, स्क्रूच ताणले जातात. म्हणून ब्लेड भोकातून ओवून मग चौकटीला ताणा आणि बरोबर समोरच्या बाजूला आतून 6.5 मिमी खोल काप पाडा. बाहेर 3 मिमी भिंत राहू द्या, ती बिजागरीसारखी काम करते. हा काप नसलेली कडी आणि असलेली कडी हातात घेऊन आवळली तर फरक बोटांना लगेच कळतो. असलेली कडी स्क्रूच्या पाव फेऱ्यात गेजला सगळीकडून धरते.

कापांच्या आतल्या कडांवर बुरा राहतो, आणि तोच नळी ओरबाडतो. त्रिकोणी सुईकानसीने तो काढा, मग बोटाचं टोक आतून फिरवून बघा. गेज पुन्हा एकदा घाला, कारण कापल्यावर सळईतला ताण सुटून भोक थोडं बदलू शकतं.

बाहेरून मी कडीला चमक देत नाही. चकचकीत पितळ दिव्याचा उजेड डोळ्यात मारतं. बारीक एमरीचा तुकडा एका सपाट काठीवर ताणून फिरत्या कामावर टेकवते. एमरीची पट्टी हाताला गुंडाळून फिरत्या कामावर कधीच धरू नका. मग वरून मॅट काळा रंग. आतला भाग कोराच ठेवायचा.

हिशेब 155 ग्रॅमचा होता. खोबणी, काप आणि कडांचे उतार जाऊन तराजूवर कडी स्क्रूंसकट 147 भरली. नेमकं 155 च हवं असेल तर लांबी सव्वा मिमीने जास्त ठेवा.

बसवताना

रायफल रिकामी, फ्लॅग घातलेला. नळी आणि कडीचं भोक कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाचा अगदी पातळ हात. कडी खुणेवर सरकवा. कापाची बाजू खाली ठेवा, म्हणजे नेमाच्या रेषेत काही येत नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, हेक्स कीच्या आखूड टोकाला दोन बोटांनी धरून आवळा. कडी हाताने फिरवून फिरत नाही, एवढंच पुरे. त्याहून जास्त जोर लावला तर नळीवर ताण येतो.

नवीन वजनाने शॉट्सची जागा सरकते. माझ्या पहिल्या कार्डावर सगळे शॉट खाली सरकलेले होते, घट्ट एकत्र पण खाली. साइट्स लगेच फिरवू नका. आधी 20 शॉट मारा, हात नव्या तोलाला सरावू द्या, मग क्लिक द्या. कडीच्या मागच्या कडेला नळीवर पांढऱ्या पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या सरावाच्या दिवशी पिशवी उघडली की आधी ती रेघ बघा, मग स्क्रू बघा.